बाबा हो म्हणाले

माझे बाबा सुतार. दारं, खिडक्या, कपाटं, पाळणे, शाळेची बाकं, असं काय काय त्यांच्या हातून गेलंय. चाळीस वर्षं करवतीच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यामुळे त्यांचे कान गेले. एका दिवसात नाही गेले. हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही असे गेले.

लक्षात न यायला आईही कारण होती. ती टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून खणखणीत बोलायची तिला सवय, आणि ती सवय ती घरीही घेऊन यायची. "अहो, ऐकलंत का?" असं तिनं स्वयंपाकघरातून विचारलं तर बाबांनाच काय, समोरच्या इमारतीलाही ऐकू जायचं. माझं उलट. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही, त्यामुळे आवाज बारीक. माझ्या बोलण्यावर बाबा नुसते गोड हसायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

मग ते दाराचं प्रकरण झालं. गिऱ्हाइकानं सांगितलं सव्वातीन फूट रुंदी, बाबांनी ऐकलं साडेतीन. सुंदर दार केलं होतं, वर पानांची नक्षी कोरलेली. बसवायला गेले तर चौकटीपेक्षा तीन इंच रुंद. गिऱ्हाईक भला माणूस होता, एका शब्दानं बोलला नाही. बाबांनी आठवड्यात दुसरं दार करून दिलं, पण त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. घराच्या मागच्या बाजूला त्यांची कार्यशाळा आहे. तिच्यावर त्यांनी पाटी लावली, 'नवीन कामं घेत नाही.'

त्यानंतर बाबांनी सगळ्याच गोष्टींना नाही म्हणायला सुरुवात केली. कुणाकडे जेवायला जायचं? नाही. सहलीला? नको. मित्राच्या नातवाचं बारसं? जमायचं नाही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा हात नकारात हलायचा. मला पुष्कळ उशिरा कळलं की नाही म्हणायला प्रश्न ऐकावाच लागत नाही, म्हणून त्यांना ते सोपं जात होतं. दिवसभर कार्यशाळेत बसून ते लाकडाचे चमचे कोरत. आमच्याकडे त्या काळात एकशे दहा चमचे जमले.

शेवटी मी आणि आईनं मिळून त्यांना कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी तपासलं आणि शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं दोन्ही कानांमागे बसवून दिली. निघताना त्यांनी बाबांना समोर बसवून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "काका, पहिले दोन-तीन आठवडे चित्रविचित्र आवाज येतील. घाबरायचं नाही. काढून ठेवायचं नाही. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. जरा सहन करा."

बाबा शिस्तीचे. सहन करा म्हटलं ना, मग विषय संपला.

यंत्रं फोनला जोडायची होती, म्हणजे आवाज फोनवरून कमी-जास्त करता येतो. बाबांकडे बटणांचा फोन, त्याचा इथे उपयोग नव्हता. मी म्हटलं, माझा जुना फोन पडूनच आहे, तो घ्या. त्यातले फोटो तेवढे काढून घेतले, बाकी सगळं तसंच राहू दिलं. घरी आल्यावर दुपारी मीच यंत्रं जोडून दिली. जोडणी झाली तेव्हा बाबा खुर्चीत एकदम ताठ झाले. डोळे मोठे झाले.

"काय झालं बाबा? येतंय का ऐकू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. छताकडे बघितलं. मग हळूच मान डोलावली.

मला वाटलं, आनंदानं भरून आलंय. मी फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मोठा पराक्रम केल्यासारखी माझ्या घरी निघून आले. मी दोन गल्ल्या सोडून राहते.

तिसऱ्या दिवशी कार्यालयात आईचा फोन.

"अगं, तुझे बाबा बदललेत!"

"ऐकू यायला लागलं ना नीट?"

"तसं अजून दोन-दोनदा सांगावं लागतं. पण स्वभाव, अगं! कधी नव्हे ते सारखे खुशीत. सकाळी मी म्हटलं, अहो, ऐकलंत का, सभागृहात पुढच्या बुधवारपासून नाचाचा वर्ग निघतोय, जोडीजोडीनं शिकवणार आहेत, जाऊया का आपण? मला वाटलं, नेहमीसारखा हात हलणार. तर यांनी मान डोलावली! नुसती डोलावली नाही, पायानं ठेका धरला!"

आई नुकतीच निवृत्त झाली होती. लग्नाआधी ती बऱ्यापैकी नाचायची, हे मला मावशीकडून ऐकून माहीत होतं. तिच्या तोंडून कधी नाही. "मी आपली दोघांची नावं देऊन आले," आई म्हणाली.

पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे चष्म्याचे दुकानदार एक पिंजरा घेऊन खाली आले. आत एक पांढरा, लठ्ठ, कान लोंबणारा ससा. त्याला ते सरदार म्हणत. ते तीन आठवडे मुलाकडे जाणार होते. "तुमचे आभार कसे मानू कळत नाही," ते बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले. "जिन्यात मी नुसतं विचारून बघितलं, आणि तुम्ही एका झटक्यात हो म्हणालात. नाहीतर लोक किती आढेवेढे घेतात."

बाबांनी पिंजरा घेतला. ते सशाकडे आणि ससा त्यांच्याकडे बघत राहिला. आईला वाटलं, माया लागली.

आणि रविवारी सकाळी दारात मालाची गाडी उभी राहिली. मी त्या दिवशी न्याहारीला आईकडे होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. गाडीवाल्यानं प्लायवूडच्या बारा फळ्या उतरवल्या, मग पाइनच्या लांब पट्ट्या, मग चार भलीमोठी रबरी चाकं, आणि कागद पुढे केला. "सही करा. शाळेकडून आलंय."

"कशासाठी?" मी विचारलं.

"मला काय माहीत? वर लिहिलंय बघा. होडी."

"होडी?" आई म्हणाली.

"होडी," गाडीवाला म्हणाला आणि सही घेऊन निघून गेला.

आम्ही दोघी बाबांकडे वळलो. ते त्या ढिगाभोवती फेरी मारत होते. चेहऱ्यावर आमच्याइतकंच आश्चर्य, पण मान मात्र लयीत हलत होती.

"बाबा, शाळेत कुणाला होडी करून द्यायचं कबूल केलंत?"

"पोळी? खाल्ली ना मगाशी."

आईनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात सरदार पिंजऱ्यातून सुटला. त्याला पट्ट्यांचा वास लागला असावा. तो टुणटुण उड्या मारत आला आणि त्यानं थेट पाइनच्या पट्टीला दात लावले. "अरे, अरे!" करत बाबा खाली वाकले आणि खिशातला फोन सुटून अंगणात पडला, काच वर करून. मी उचलला.

पडद्यावर माझंच गाण्यांचं ॲप उघडं होतं. गाणं चालू होतं, वेळ दाखवणारी रेघ पुढे सरकत होती. आणि वर माझ्याच हातांनी दिलेलं नाव, 'पळायची गाणी.'

हे नाव मला चांगलंच आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी मला सकाळी पळायचा नाद लागला होता. तेव्हा ही त्र्याण्णव गाणी जमवली होती. एकाहून एक धडाकेबाज, नुसता ढोल-ताशा आणि कर्णे, कारण हळू गाण्यावर माझे पायच उचलत नसत.

मी गाणं थांबवलं. बाबांची मान तिथल्या तिथे थांबली.

"गेलं," ते म्हणाले.

"बाबा," मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला कानात गाणी ऐकू येत होती?"

"हो."

"कधीपासून?"

"यंत्र लावलं तेव्हापासून."

"नऊ दिवस? सकाळपासून झोपेपर्यंत?"

"झोपताना काढून ठेवतो मी," बाबा शांतपणे म्हणाले. "सकाळी डबीतून काढून लावलं की पुन्हा सुरू."

"आणि तुम्ही बोलला नाहीत कुणाला?"

"त्या बाईंनीच सांगितलं होतं ना, चित्रविचित्र आवाज येतील, मेंदूला सवय होईपर्यंत सहन करा. म्हटलं, माझ्या मेंदूला जरा जास्तच वेळ लागतोय." मग म्हणाले, "वाईट नव्हते पण. तिसऱ्या दिवसापासून आवडायला लागले."

मी पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. आईला आधी काही उमगेना, मग तीही हसायला लागली आणि तिला हसताना बघून बाबाही. सरदारनं तेवढ्यात पट्टीचं एक टोक फस्त केलं.

हसणं ओसरल्यावर मी कामाला लागले. ॲप बंद केलं. बाबांना म्हटलं, यंत्रं डबीत ठेवा, पुन्हा काढा, लावा. त्यांनी लावली आणि लगेच बोट वर केलं. "आलं."

मग ॲपच्या आतल्या सेटिंगमध्ये गेले. 'जोडणी होताच आपोआप वाजवा' असं काहीतरी होतं, ते बंद केलं. पुन्हा डबी, पुन्हा कान. बाबांचं बोट वर. "आलं. हे कर्ण्याचं मला फार आवडतं."

फोनची बॅटरी वाचवायच्या यादीत ॲपला टाकलं, म्हणजे ते पाठीमागे गुपचूप चालू राहायला नको. फोन बंद करून चालू केला. "आलं."

"अगं, उपटून टाक की ते मुळासकट," आई म्हणाली. तेही केलं. ॲपच काढून टाकलं. डबी, कान. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे. बाबांनी जरा वेळ कान दिला आणि चेहरा गंभीर केला.

"उद्या वारा सुटणार आहे," ते म्हणाले. "समुद्रावर जाणाऱ्यांनी काळजी घ्यावी."

ॲप नव्हतं तर फोननं रेडिओ उघडला होता! आई भिंतीला टेकून हसत होती, पण माझ्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला. म्हणजे दोष ॲपचा नव्हताच. त्याला उठवणारं दुसरंच कुणीतरी फोनमध्ये बसलेलं होतं. मी सेटिंगमध्ये खाली खाली जात राहिले. तिथे 'रोजच्या सवयी' नावाचा एक कप्पा सापडला. फोनला आपण एखादी सवय लावून देऊ शकतो, अमुक झालं की तमुक कर, अशी. त्या कप्प्यात एकच सवय होती. 'कानाला काहीही जोडलं की गाणी लाव.' खाली तारीख. दोन वर्षांपूर्वीची. पळायला निघताना फोन हातात घ्यायला नको म्हणून ती मीच लावली होती, आणि पळणं सुटलं तसं साफ विसरून गेले होते. फोन बिचारा नऊ दिवस माझीच आज्ञा पाळत होता.

"सापडला चोर?" आईनं विचारलं.

"सापडला," मी म्हटलं. "माझ्याच नावाचा निघाला."

ती सवय मी पुसून टाकली. बाबांनी यंत्रं डबीत ठेवली, काढली, कानामागे लावली. आम्ही बघत राहिलो. बोट वर गेलं नाही.

बाबा अंगणात उभे होते. त्यांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. नळाखालच्या बादलीत थेंब पडत होते, त्यांच्याकडे बघितलं. खाली वाकून जमिनीवरची एक पट्टी उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि ती कानाजवळ नेऊन पुन्हा फिरवला. "अरे," ते म्हणाले. "खरखर ऐकू येते."

चाळीस वर्षं लाकूड हाताळणारा माणूस, आणि त्याला लाकडाचा आवाज परत मिळाला होता.

आई मात्र आत गेली होती. मी पाहिलं तर ती स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी. तिच्या लक्षात तेव्हा आलं होतं, जे माझ्या आलं नव्हतं. ती स्वतःशीच पुटपुटली, टपालाच्या खिडकीवर कधी कुणी ऐकला नसेल इतक्या हलक्या आवाजात.

"म्हणजे ते हो माझ्यासाठी नव्हतंच. गाण्यासाठी होतं."

बाबा अंगणात होते. मध्ये एक खोली. त्यांनी पट्टी खाली ठेवली, चपला काढल्या आणि आत गेले.

"काय नव्हतं तुझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

आई गर्रकन वळली. "ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं. तुझा हा आवाज मी कधी ऐकला होता तेही आठवत नाही. काय विचारलं होतंस तू मला?"

"जाऊ द्या. काही नाही."

"अगं, विचार की पुन्हा."

आईनं पदराला हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. "नाचाच्या वर्गाला याल का माझ्याबरोबर, असं विचारलं होतं. बुधवारी. तुम्हाला आवडणार नाही, मला ठाऊक आहे. मी नाव काढून घेते तुमचं."

"मला नाचता येत नाही," बाबा म्हणाले.

"तेच तर."

"शिकवतात ना तिथे?"

"शिकवतात."

"मग येतो."

"नक्की?"

"हो," बाबा म्हणाले. या वेळी मान अजिबात हलली नाही, नुसतं तोंडानं. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मी हळूच बाहेर सटकून सरदारला पकडायच्या मागे लागले.

सोमवारी बाबा स्वच्छ सदरा घालून शाळेत गेले. घराजवळच्याच शाळेत. मी सुट्टी काढून बरोबर गेले, कारण चूक माझी होती. मुख्याध्यापिका बाई त्यांना बघताच खुर्चीतून उठल्या. "या, या! मुलांना सांगून टाकलंय मी. इतका उत्साही माणूस मी आजवर पाहिला नाही हो. मी रस्त्यात होडीचं बोलत होते आणि तुम्ही अक्षरशः डोलत होता!"

बाबांनी सगळं खरं सांगितलं. काही लपवलं नाही, कानांचं, फोनचं, दाराचंसुद्धा. बाईंचा चेहरा पडत गेला. चौथीच्या मुलांनी स्वतः नाटक लिहिलं होतं, त्यात एक होडी वाट चुकते. होडीत अकरा मुलं बसणार. होडी रंगमंचावर चालली पाहिजे आणि वादळात वळली पाहिजे. प्रयोगाला उरले होते तेरा दिवस.

"म्हणजे तुम्ही कबूल केलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं. माल परत पाठवते."

"थांबा," बाबा म्हणाले. "अकरा मुलं म्हणजे वजन किती धरू?"

त्या दिवशी दुपारी घरी येऊन बाबांनी कार्यशाळेवरची पाटी काढली. मी विचारलं, पाटीचं काय करायचं? तर म्हणाले, चांगलं लाकूड आहे, सुकाणूला लागेल.

रोज शाळा सुटल्यावर ती अकरा मुलं कार्यशाळेत यायची. करवतीचं यंत्र चालवायचं काम बाबा सकाळीच उरकून ठेवत, कानातलं काढून, वर जाड कानझाकण चढवून. मुलं आली की फक्त हातकाम. घासायचं, रंगवायचं, मापं घ्यायची. मापं घेणारी मुलगी होती नाटकातली कप्तान. सगळे तिला कप्तानच म्हणायचे. अंगानं एवढीशी, आणि आवाज तर माझ्याहूनही बारीक, जणू कुणी उशीत तोंड खुपसून बोलतंय. तिला कप्तान का केलं, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाटक तिनंच लिहिलंय, मग दुसरं कोण होणार?

"आजोबा, सव्वाचार," कप्तान टेप धरून म्हणायची.

"सव्वा की साडे?" बाबा दरवेळी विचारायचे.

"सव्वा."

"मीही सव्वाच ऐकलं," असं म्हणून बाबा पेन्सिलीनं खूण करायचे. त्या वेळी ते जसे हसायचे, तसे मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. मुलं एका वेळी सगळी बोलायची, हातोड्या आपटायची, डबे पाडायची. मला वाटलं, बाबांना त्रास होईल. विचारलं तर म्हणाले, "होतो की. भरपूर होतो. राहू दे." सरदारला मुलांनी होडीचा दुसरा अधिकारी नेमला होता. तो दिवसभर भुशात लोळायचा, सगळा पिवळा झाला होता.

त्या बुधवारी दोघं नाचाला गेले. मी दारातून डोकावून आले. बाबांनी आईच्या पायावर किती वेळा पाय दिला ते मोजायचं मी सोडून दिलं. शिकवणाऱ्या बाई मोठ्यानं आकडे मोजत होत्या आणि बाबा ओठ मिटून, रंधा मारताना असतो तशा चेहऱ्यानं, पावलं टाकत होते. वळायच्या वेळी सगळी जोडपी डावीकडे गेली, हे दोघं उजवीकडे, थेट खुर्च्यांच्या रांगेत. आईचं हसू सभागृहाबाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शाळेचं सभागृह खचाखच भरलं. होडी खरंच देखणी झाली होती. निळी, पोटाला पांढरी रेघ, पुढे टोकदार, उंच नाळ, वर डोलकाठी. ढकलायची सोय अशी की मागच्या बाजूला आतून एक माणूस वाकून उभा राहील आणि प्रेक्षकांना दिसणार नाही. हे काम खेळाच्या शिक्षकांकडे होतं. आणि पडदा उघडायला दहा मिनिटं असताना ते पायऱ्यांवरून घसरून घोट्याला सूज आणून बसले.

पडद्यामागे एकच धावपळ. "मी ढकलतो," बाबा म्हणाले. "चाकं मी बसवलीत, त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे."

"पण आतून काही दिसत नाही," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "कप्तान 'वळवा' म्हणेल तेव्हाच वळायचं. आधी वळलात तर नाळ भिंतीवर, उशिरा वळलात तर होडी प्रेक्षकांत!"

बाईंनी कप्तानकडे बघितलं, आईनं बाबांच्या कानांकडे बघितलं, आणि मी डोळे मिटले. कप्तान बाबांजवळ गेली. "मी मोठ्यानं ओरडीन, आजोबा."

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "कप्तान नेहमी बोलते तसंच बोल."

पडदा उघडला. होडी निघाली. अकरा मुलं वल्ही मारत होती, कागदाच्या लाटा हलत होत्या. मग वादळ सुरू झालं. पडद्यामागे पत्रे बडवले जाऊ लागले, पोरं किंचाळू लागली, प्रेक्षकांतली लहान भावंडं त्यांच्याहून जोरात किंचाळली. मी पहिल्या रांगेत होते आणि मला स्वतःच्या मनातलं ऐकू येत नव्हतं. होडी सरळ भिंतीकडे चालली होती. आईनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

कप्तान नाळेवर उभी राहिली. तिचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

होडी वळली. गर्रकन, झोकात, अकरा मुलांसकट. नाळ भिंतीपासून हातभर अंतरावरून फिरली आणि होडी सुखरूप दुसऱ्या किनाऱ्याला लागली.

टाळ्या थांबेनात. मुलांनी बाबांना हाताला धरून मागून बाहेर ओढलं. केसांत निळा रंग, गुडघ्यांना भुसा. प्रकाशात डोळे मिचकावत ते उभे राहिले. मग खिशातून फोन काढून, मी शिकवल्याप्रमाणे, त्यांनी यंत्रांचा आवाज दोन घरं खाली आणला.

"केवढ्यानं वाजवतात हो हे लोक," ते मुख्याध्यापिका बाईंना म्हणाले.

खेळ संपल्यावर मुलं होडीतून उतरायलाच तयार नव्हती. शेवटी चार बापांनी मिळून ती उतारावरून शाळेच्या मैदानात आणली. ज्याला बसायचं त्यानं बसावं, असं कप्ताननं जाहीर केलं. तिच्या तोंडातून शब्द निघायचा अवकाश, रांग लागली. मुलं बसली, बाई बसल्या, सुजलेल्या पायाचे खेळाचे शिक्षक बसले. एका फेरीला बाबांनी आईला हात दिला. ती आधी म्हणाली, लोक बघतायत. मग साडी सावरून चढली आणि पार पुढे, डोलकाठीला धरून उभी राहिली.

"कुठे नेऊ?" बाबांनी मागून विचारलं.

"न्या कुठेही," आई म्हणाली. आणि बाबांनी होडी ढकलली.